लाल रेघ एक की दोन

आमच्या घरात ‘लाल रेघ’ असं कुणी म्हटलं की हातातलं काम खाली ठेवून उठायचं, अशी रीत होती. ही रेघ कुंकवाची नव्हे आणि मास्तरांच्या शाईचीही नव्हे. तलावाची पाळ कुठेतरी झिरपते आहे असा संशय आला, की आमचे मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, टोपलीभर गेरू पाण्यात कालवून पाळीच्या आतल्या अंगाला ओतायचे. मग घरची आणि शेजारची माणसं, बाया, पोरं पाळीच्या मागच्या उतारावर आणि खालच्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांत, वाकून वाकून पाहत फिरायची. खेकड्यानं किंवा उंदरानं पाळीत बीळ केलेलं असलं, तर त्या वाटेनं गेरूचं पाणी पलीकडे निघे आणि मातीवर एक बारीक तांबडी धार दिसू लागे. ज्याला ती आधी दिसेल तो ओरडायचा, “लाल रेघ, लाल रेघ.” मी ते ओरडणं पाळण्यात असल्यापासून ऐकत आलो असणार.

आमचं गाव अर्जुनीपासून पायी तासाभरावर. आम्ही कोहळी, तलाव बांधणाऱ्यांच्या वंशातले. मोठेबाबा गावाचे पाणकर होते. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत केव्हा आणि किती जायचं हे ते ठरवत आणि त्यावरून गावात जेवढ्या शिव्या खाव्या लागत तेवढ्या खात. घर पाळीच्या खालच्या अंगाला होतं. पहाटे जाग यायची ती तुडुमाच्या आवाजानं. तुडुम म्हणजे पाळीत बसवलेला दगडी पायऱ्यापायऱ्यांचा नळ. प्रत्येक पायरीला एक भोक आणि प्रत्येक भोकात लाकडी डट्टा. पाणी जसं उतरेल तसा खालच्या पायरीचा डट्टा काढायचा. डट्टा निघाला की पाणी आत कोसळताना घशातून बोलल्यासारखा आवाज करी. त्या आवाजावरून मोठेबाबा खाटेवर पडल्या पडल्या सांगत, आज कोणत्या पायरीचं पाणी चालू आहे. त्यात भर सारसांच्या जोडीच्या हाकांची, आणि वारा तिकडून असला तर अर्जुनीच्या छोट्या गाडीच्या शिट्टीची. जेवणात भात, लाखोळीची डाळ, जवसाची चटणी आणि तलाव देईल ते, म्हणजे झिंगे, कमळाचे देठ, आणि दिवाळीच्या सुमाराला शिंगाडे. माय शिंगाडे मोठ्या पितळी गुंडात उकडायची. त्या काळ्या टरफलांचा ओला, मातकट वास आजही बाजारात आला की मी पिशवी नसली तरी थांबतो.

माय आणि मोठेबाबा एकमेकांशी बोलत नसत. भांडण होतं म्हणून नव्हे. धाकट्या भावाच्या बायकोनं जेठाशी बोलायचं नाही, हा रिवाज होता. पण दोघांनाही बोलायची हौस फार. त्यामुळे घरात सगळा व्यवहार तिसऱ्या माणसामार्फत चाले, आणि तो तिसरा माणूस बहुधा मी असे. दोघं चार हातांवर उभे असत. माय पदर पुढे ओढून मला म्हणे, “सांग त्याईले, जेवण झालं.” मी तोंड उघडायच्या आत मोठेबाबा म्हणत, “सांग तिले, येऊन राहिलो.” मी नुसता मध्ये उभा. माझ्या नातसुनेला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मग तुमचा उपयोग काय होता. मलाही तो प्रश्न लहानपणी पडत असे.

गावात चौथीपर्यंत शाळा, पुढे गोंदियाला. गोंदियात सगळा कारभार हिंदीत, त्यामुळे मी घरी झाडीबोली, वर्गात पुस्तकी मराठी आणि बाजारात ‘भैया, कितने का’ अशा तीन जिभा बाळगून मॅट्रिक झालो. तिथून नागपूरच्या कॉलेजात गेलो. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मला जे मिळालं ते फीमाफीमुळे, बांच्या, म्हणजे वडिलांच्या, मूक संमतीमुळे आणि दातार सरांमुळे. सर भौतिकशास्त्र शिकवायचे. उंच, किंचित पोक आलेले, कोटाच्या खिशात नेहमी खडूचे तुकडे. त्यांच्या प्रयोगशाळेत मी पहिल्यांदा हायड्रोजनचा उजेड पाहिला. काचेच्या बारीक नळीत थोडासा वायू भरून त्यातून वीज सोडली की नळी गुलाबी पेटते. तो उजेड लोलकातून पाहिला तर इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा दिसत नाही. काळोखात सुट्या सुट्या रेघा उभ्या असतात. एक लाल, एक निळसर हिरवी, मग जवळ जवळ येत जाणाऱ्या जांभळ्या. दुर्बिणीला डोळा लावून मी किती वेळ बसलो होतो कोण जाणे. शेवटी मागचा मुलगा म्हणाला, “अरे, मलाही परीक्षा द्यायची आहे.”

सर सांगत, या रेघांवर सबंध क्वांटम सिद्धांत उभा आहे. अणूतल्या इलेक्ट्रॉनला कुठेही राहता येत नाही, त्याच्या ठरावीक पायऱ्या असतात. वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर पडताना तो जी ऊर्जा टाकतो तिचा रंग आपल्याला दिसतो. वर्गातली शहरातली मुलं यावर फार वाद घालत. मधल्या जागी का राहता येत नाही, असं विचारत. मला त्यात काही अवघड वाटलं नाही. तुडुमाच्या दोन भोकांच्या मधून पाणी येत नाही हे मी जन्मापासून पाहत होतो. पुढे शिक्षक झाल्यावर मी मुलांना तुडुमाचं उदाहरण नेहमी दिलं, आणि प्रत्येक वेळी हेही सांगितलं की हे फक्त उदाहरण आहे. अणूत दगड नाहीत आणि डट्टे काढायला पाणकर नाही.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी, दिवाळीच्या सुटीआधी, सरांनी मला थांबवून घेतलं. ती लाल रेघ खरं तर एक नाही, दोन आहेत, इतक्या जवळ की साध्या उपकरणाला एकच दिसते. दोघींमध्ये अंतर किती असावं हे सिद्धांत सांगतो. परदेशात काहींनी मोजलं, तर कुणाचं बरोबर जुळलं, कुणाचं जरासं कमी भरलं. “आपण मोजून पाहू,” सर म्हणाले. “मला एम.एस्सी.साठी असा मुलगा हवा जो दोन वर्षं एकाच रेघेकडे पाहून कंटाळणार नाही. घरी विचारून ये. तू नाही म्हणालास तर मला दुसरा बघावा लागेल.” मी छोट्या गाडीत बसलो तेव्हा माझ्या डोक्यात गोंदिया-अर्जुनीमधली सगळी स्टेशनं लालच होती.

घरी आलो तर घराचा चेहरा उतरलेला. धान निसवलं होतं, शेवटचं पाणी द्यायचे दिवस होते आणि तलाव हिशेबापेक्षा भराभर उतरत होता. मोठेबाबा तलावात रोवलेल्या खुंटीवरची पाण्याची खूण पाहून यायचे आणि कोणाशी बोलायचे नाहीत. ही वेळ बरी नव्हती, पण सुटी संपत चालली होती. म्हणून एका दुपारी जेवताना मी विषय काढला.

“मोठेबाबा, परीक्षा झाल्यावर मले आणखी दोन वर्षं नागपुरात राहाचं आहे. लाल रेघ मोजाची आहे.”

त्यांचा घास हातातच राहिला. “कोणाच्या तलावाची?”

“तलावाची नाही. उजेडाची.”

“उजेड कुठून गळते?”

दाराआडून मायच्या बांगड्या वाजल्या. ती हसत होती. बा खाली मान घालून म्हणाले, “ऐकून तं घे, दादा.” मी तुडुमाच्या पायऱ्यांवरून सुरुवात केली आणि शक्य तितकं नीट सांगितलं. मोठेबाबांनी ऐकलं. पायऱ्यांना त्यांनी मानही हलवली. पण दोन रेघांपाशी आल्यावर ते थांबले.

“म्हणजे लाल रेघ आहे, हे ठाऊक आहे.”

“हो.”

“अन् ते एक आहे का दोन, यासाठी दोन वर्षं.”

“हो.”

“काऊन गा? एक असो का दोन, लालच ना? धानाले काय फरक पडते?” त्यांनी ताटात पाणी ओतलं. “तुज्या बापाच्या गुडघ्यात पाळ चढाचा दम नाही. माह्या मांगं डट्टे कोण काढंल? परीक्षा दे अन् सामान घेऊन ये. लय शिकला.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मायनं मला भात वाढला आणि वर चटणी जास्तच ठेवली. आमच्याकडे सहानुभूती अशी वाढली जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीवर गेरू ओतला गेला. सगळ्यांसोबत मीही मागच्या उतारावर वाकलो. थोड्याच वेळात मोहाच्या झाडाखाली, तलावात मासे धरणाऱ्या भुरा ढिवराच्या मुलीला धार दिसली आणि ती ओरडली. धार चांगली बोटभर जाड होती. भुरानं आतल्या अंगाला बुडी मारली, खेकड्याचं बीळ हातानं चाचपून सांगितलं, आणि तणस, म्हणजे धानाचा पेंढा, आणि चिकणमातीचा गोळा ठासून ते बुजवलं. मोठेबाबा त्या दिवशी दोन वाट्या जास्त आंबील प्यायले. पण रात्र जाऊन सकाळ झाली तर खुंटीवरचं पाणी पुन्हा खाली. खाली ती तांबडी ओल दिसत होती. मी स्वतः वाकून पाहिली आणि म्हणालो, कालचा गेरू वाळला नसेल. भुराही तेच म्हणाला. जमीनच पाणी पिते आहे म्हणून मोठेबाबांनी जमिनीला दोष दिला.

तेवढ्यात माय भाजी खुडायला बांधीवर आली होती ती थांबली. पदर ओढून मला म्हणाली, “सांग त्याईले, हे कालची रेघ नाही.”

मोठेबाबा तीन हातांवर होते. “विचार तिले, मंग कोणती?”

“सांग, कालची जाड होती अन् मोहाच्या मुळीले लागून होती. हे बारीक आहे अन् इकडे आहे. रेघ अशी रातीतून सरकते का? दोन होत्या म्हणा. जवळ होत्या म्हणून एक दिसली.”

मी मायकडे पाहिलं, मग त्या ओलीकडे. मी म्हणालो, “मोठेबाबा, सगळीकडे नका ओतू. एका जागी थोडा ओता, थांबा, मंग हातभर सरकून दुसऱ्या जागी ओता.” सरांच्या प्रयोगशाळेत मी हेच शिकलो होतो, जवळचे दोन उजेड वेगळे करायचे तर झोत बारीक करायचा. मोठेबाबांनी माझ्याकडे एकवार पाहिलं आणि गेरूची टोपली हातात घेतली. पहिल्या जागी ओतलं, काही नाही. दुसऱ्या जागी, काही नाही. बुजवलेल्या बिळाच्या वीतभर बाजूला ओतलं आणि मी उतारावर बसून पाहत असताना ती बारीक ओल माझ्या डोळ्यांदेखत गडद तांबडी झाली. बाजूला कालच्या धारेची वाळलेली खूण तशीच होती. दोघींमध्ये माझं मनगट मावेल एवढं अंतर.

“दोन निघाल्या,” भुरा म्हणाला.

मोठेबाबा खाली उतरून आले. त्या दोन रेघांकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, “शिंगाडे उकडले का विचार.”

संध्याकाळी, दुसरं बीळ बुजवून झाल्यावर, आम्ही दोघं पाळीवर बसून शिंगाडे सोलत होतो. पाणी खुंटीच्या खुणेवर टिकून होतं. बदकं उतरत होती. हातातला शिंगाडा सोलून ते म्हणाले, “तुमच्या त्या रेघा. अंतर किती असंल?”

मी म्हणालो, केसाच्या जाडीनंही सांगता येणार नाही एवढं.

“अन् पोथीत जेवढं सांगतलं, तेवढं भरते?”

“काही जण म्हणतात, जरासं कमी भरते.”

“कमी भरते?” त्यांचा हात थांबला. हा आवाज मी ओळखत होतो. खुंटी पाहून आल्यावर तो असाच यायचा. “कमी भरते तं ते लोकं झोपते कसे?”

“म्हणून तं सर मोजणार आहेत.”

ते टरफल तलावात भिरकावून म्हणाले, “मंग जाय. पाहून ये. डट्टे मी काढतो अजून दोन वर्षं.” आणि थोड्या वेळानं, “त्या नळीत जे भरता, ते निघते कायच्यातून?”

“पाण्यातून.”

“मंग पाणी आपल्या तलावाचं ने.”

गोष्ट इथेच राहिली असती तर बरं झालं असतं. पण भुरा जवळच जाळं झटकत होता. मी निघेपर्यंत तीन गावांत बातमी झाली होती की नागपुरात तलावाची गळती शोधायचं विजेचं यंत्र आलं आहे. पाण्याची शिशी त्यात धरली की लाल रेघ दिसते. एक रेघ म्हणजे एक बीळ, दोन म्हणजे दोन. निघायच्या दिवशी अंगणात माणसं शिश्या घेऊन बसलेली. कोणी रॉकेलची बाटली घासून आणलेली, कोणी औषधाची. एका म्हाताऱ्यानं तर मातीची सुरईच आणली आणि म्हणाला, “आमचं तलाव मोठं आहे, शिशीत नाही मावत.” मी समजावून थकलो. मोठेबाबांनी मला बाजूला घेतलं. “घेऊन टाक ना. अर्जुनीपुढं सांडजो. कायले कोणाचं मन मोडतो?”

मी फक्त आमची शिशी नेली. मेण लावून बंद केलेली, मांडीवर धरून. दातार सरांनी ती उजेडाकडे धरली, तळाशी बसलेला गाळ पाहिला आणि सगळं ऐकून इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. “पाणी कुठलंही असो, हायड्रोजन एकच,” ते म्हणाले. पण पुढच्या वर्षी आमची नळी तयार झाली तेव्हा त्यांनी आठवणीनं तेच पाणी उकळून, वाफ गाळून, त्यातून वीज सोडून वायू काढायला लावला. नळी थंड ठेवावी लागे, नाहीतर रेघा फुगून एकमेकींत मिसळतात. आम्ही कुल्फीवाल्यासारखे बर्फात मीठ घालून तिच्याभोवती ठासत असू. दोन आरशांसारख्या काचांमधून उजेड खेळवला की दुर्बिणीत लाल कड्या दिसत, आणि पहिल्यांदा जेव्हा प्रत्येक कडीला आतून एक जुळी कडी चिकटलेली दिसली, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “दोन निघाल्या.” सरांना वाटलं काहीतरी फुटलं.

दोन वर्षांनी पदवी घेऊन घरी आलो. मोठेबाबा अंगणात दोर वळत होते. “मंग? कमी भरते का?”

“आमचं कधी कमी भरलं, कधी बरोबर. आमच्या यंत्राले येवढं बारीक ठरवता येत नाही.”

मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. त्यांनी दोराला पीळ दिला. “मंग तसंच सांग लोकाईले. गळती नाही, असं नोको सांगू. दिसली नाही, असं सांग.” आमच्या प्रबंधाचा शेवटचा परिच्छेद याहून फार वेगळा नव्हता.

मी गोंदियात शिक्षक झालो आणि सुटीत डट्टे काढू लागलो. वर्षं गेली. देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी अमेरिकेत दोघांनी रेडिओच्या लहरी वापरून त्या रेघांमागच्या पायऱ्याच वेगळ्या वाटेनं मोजल्या. सिद्धांतानं ज्या दोन पायऱ्या अगदी एका उंचीच्या सांगितल्या होत्या, त्यांत किंचित फरक निघाला. कमी भरत होतं ते यामुळेच. दातार सरांनी नागपुरात मला हे सांगितलं. मी पहिल्या गाडीनं गोंदियाला आणि तिथून अर्जुनीला आलो.

मोठेबाबा पाळीवर घोंगडी टाकून बसले होते. त्यांना आता कमी दिसायचं. माय जवळच शिंगाडे सोलत होती, पदर अजूनही पुढे.

“मोठेबाबा, गळती सापडली.”

“कोणाच्या तलावाची?”

“नागपूरवाली. लाल रेघेची.”

त्यांना आठवायला वेळ लागला. मग चेहरा हळूहळू उजळला. “कोणाले सापडली?”

“अमेरिकेत, दोघांले.”

“असू दे. सापडली ना.” त्यांनी समाधानानं गुडघे चोळले. “मी तं तवाच म्हणलं होतं, कमी भरते तं असंलच. सांग तुज्या मायले.”

माय चार हातांवर होती. तिनं हातातला शिंगाडा ताटात टाकला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “सांग त्याईले, एक सापडली म्हणून उठू नोका म्हणा. बाजूले आणखी एक असते.”